खरें हंसूं व उसनें हंसूं

वार्षिक अंकासाठीं वर्गावर्गांचीं छायाचित्रें काढण्याचा दिवस प्रत्येक विद्यार्थ्याच्या परिचयाचा आहे. बांकें मांडलीं जातात, उंच मुलें मागें, ठेंगणीं पुढें आणि गुरुजन मध्यें अशी रचना होते, केसांवरून शेवटचा हात फिरतो आणि छायाचित्रकार आज्ञा करितो, "आतां सर्वांनीं हंसा!" त्या आज्ञेबरोबर चाळीस तोंडें एकदम रुंदावतात. पुढें आठ दिवसांनीं चित्र हातीं आलें म्हणजे ज्याचा त्याचा एकच प्रश्न असतो, "मी असा काय दिसतों?" मौजेची गोष्ट ही कीं, आज्ञा होण्यापूर्वीं दोनच मिनिटें छायाचित्रकाराचा पाय तिवईला अडखळलेला असतो आणि हींच चाळीस मुलें त्या वेळीं मनापासून हंसलेलीं असतात. तो क्षण यंत्रांत सांपडता तर कोणाचीच तक्रार राहती ना. ओठ तेच, दांत तेच, अंतर अवघें दोन मिनिटांचें. मग बिघडलें तें काय?

आपल्या भाषेनें हा भेद फार पूर्वींच टिपून ठेविला आहे. मनांत नसतां आणलेल्या हंसण्यास आपण 'उसनें हंसूं' म्हणतों. ज्याचें मूळ धन आपल्यापाशीं नाहीं तें उसनें. परंतु हें उसनेपण चेहऱ्यावरील नेमक्या कोणत्या जागीं उघडें पडतें, हें प्रयोगानें दाखविण्याचें काम एकोणिसाव्या शतकांत एका फ्रेंच डॉक्टरानें केलें.

गियोम द्युशेन हा १८०६ सालीं फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील बूलोन या बंदरांत जन्मला व १८४२ सालीं पॅरिस येथें येऊन राहिला. तेथील रुग्णालयांत त्यास मानाची जागा नव्हती. विजेची पेटी बरोबर घेऊन तो एका रुग्णालयांतून दुसऱ्यांत हिंडत असे आणि रोग्यांच्या स्नायूंवर प्रवाह सोडून कोणता स्नायु कोणतें काम करितो तें पडताळून पाहत असे. लहान मुलांचे स्नायु हळूहळू क्षीण करणाऱ्या एका दुर्धर रोगास आजहि त्याचें नांव आहे. पुढें त्याचें लक्ष चेहऱ्याकडे वळलें आणि त्या कामीं त्यास एक वृद्ध मनुष्य भेटला. हा म्हातारा कृश होता, त्याच्या तोंडांत दांत नव्हते, आणि विशेष म्हणजे त्याच्या चेहऱ्याची कातडी जवळजवळ बधिर होती. विजेच्या तारांचीं टोंकें गालावर ठेविलीं तरी त्यास फारशी वेदना होत नसे. त्या काळीं छायाचित्र उमटण्यास बराच वेळ लागे व तेवढा वेळ एकच मुद्रा धरून ठेवणें कोणासहि कठीण जाई. विजेनें ती अडचणहि दूर केली, कारण प्रवाह चालू आहे तोंपर्यंत स्नायु आखडलेलाच राही. अशा रीतीनें काढलेल्या छायाचित्रांसह द्युशेनचा ग्रंथ १८६२ सालीं प्रसिद्ध झाला.

हंसण्याच्या बाबतींत त्यास दोन स्नायु महत्त्वाचे आढळले. एक गालाच्या हाडापासून निघून ओठाच्या कोंपऱ्यापर्यंत तिरपा उतरतो. शरीरशास्त्रांत त्यास झायगोमॅटिकस मेजर असें नांव आहे. तो आखडला म्हणजे ओठाचा कोंपरा वर व मागें ओढला जातो. दुसरा डोळ्याभोंवतीं कड्यासारखा असतो. त्याचें नांव ऑर्बिक्युलॅरिस ऑक्युलाय. तो आखडला म्हणजे गाल वर चढतो, खालची पापणी फुगीर दिसते आणि डोळ्याच्या बाहेरच्या कोंपऱ्याशीं बारीक सुरकुत्या पडतात. द्युशेननें म्हाताऱ्याच्या केवळ पहिल्या स्नायूवर वीज सोडली तेव्हां तोंड हंसलें, पण म्हातारा हंसला नाहीं. तोच म्हातारा आपल्या मनानें हंसला त्या वेळच्या चित्रांत डोळ्याखालचा भागहि आखडलेला दिसला. यावरून द्युशेननें असा निष्कर्ष काढला कीं, पहिला स्नायु आपल्या हुकुमाचा ताबेदार आहे, दुसरा मात्र खऱ्या आनंदाचीच वाट पाहतो.

दहा वर्षांनीं, १८७२ सालीं, चार्ल्स डार्विननें मनुष्याच्या व प्राण्यांच्या भावदर्शनावर ग्रंथ लिहिला. त्यांत त्यानें द्युशेनच्या चित्रांचा उपयोग केला. पण द्युशेनचा शब्द प्रमाण मानून तो स्वस्थ बसला नाहीं. विजेनें हंसविलेल्या म्हाताऱ्याचें चित्र त्यानें चोवीस जणांस दाखविलें व यांत काय दिसतें असें विचारलें. तिघांस कांहींच उलगडा झाला नाहीं. उरलेल्यांस हें हंसण्याच्या जातीचें कांहीं आहे एवढें समजलें, परंतु कोणी त्यास दुष्टपणाची थट्टा म्हटलें, तर कोणी हंसण्याची नुसती धडपड म्हटलें. खऱ्या हंसण्याचें चित्र मात्र ज्यांनीं ज्यांनीं पाहिलें त्यांस तें तत्काळ पटलें. एका माणसाची समजूत चोवीस जणांपुढें ठेवून पाहण्याची ही डार्विनची साधी युक्ति विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

वाचकांनीं येथें क्षणभर थांबून आरसा हातीं घ्यावा. प्रथम ओठांचे कोंपरे थोडे वर ओढावे व डोळ्यांकडे पाहावें. डोळे जसेच्या तसे, जणूं शेजारच्या घरांतले. आतां कोंपरे जोरानें, अगदीं कानांपर्यंत ओढावे. या वेळीं गाल वर चढतील, डोळे बारीक होतील आणि कोंपऱ्यांशीं सुरकुत्याहि पडतील! मग द्युशेनचें म्हणणें खोटें कीं काय? तसें नव्हे. तोंड फार रुंदावलें म्हणजे वर सरकलेला गालच डोळ्याखालच्या कातडीस ढकलतो, आणि डोळ्याच्या स्नायूनें कांहीं न करितां त्याच्या कामाचा भास होतो. अशा मोठ्या हंसण्यांत अधिक विश्वासाची खूण वरच्या बाजूस असते. भिवई व पापणी यांच्या मधली कातडी किंचित् खालीं उतरली असेल, तर डोळ्याभोंवतींचा स्नायु खरोखर आखडला आहे असें समजावें, कारण गालानें ढकलून ती खालीं येऊं शकत नाहीं.

मनाच्या आज्ञेनें हलणाऱ्या चेहऱ्याची आणि भावनेनें हलणाऱ्या चेहऱ्याची वाट निराळी कां, याचें उत्तर मेंदूंत आहे. 'हंस' असें म्हटल्यावर जी आज्ञा निघते ती मेंदूच्या पृष्ठभागावरील, हातापायांस चालविणाऱ्या पट्ट्यांतून निघते. विनोद ऐकून जें हंसूं येतें त्याचा उगम मेंदूच्या खोल भागांत असतो व तें दुसऱ्या मार्गानें चेहऱ्याच्या मज्जातंतूपर्यंत पोंचतें. हे दोन मार्ग निराळे आहेत याचा पुरावा रोग्यांनींच दिला. अर्धांगवायूच्या कित्येक रोग्यांस "दांत दाखवा" म्हटलें तर तोंडाची एकच बाजू उचलते, दुसरी लोंबती राहते. आणि त्याच रोग्यास एकादी गमतीची गोष्ट सांगितली कीं दोन्ही कोंपरे सारखे वर जातात. उलट प्रकारचेहि रोगी असतात. त्यांस सांगितलें तर तोंड दोन्हीकडे सारखें फांकतें, पण मनापासून हंसतांना एक बाजू मागें राहते. पार्किन्सनच्या रोगांत तर आंतला आनंद शाबूत असूनहि चेहरा मुखवट्यासारखा स्तब्ध होतो. ज्यांच्या घरीं असे आजोबा किंवा आजी असतील त्यांनीं हें विशेष ध्यानांत घ्यावें. नातवंडास पाहून त्यांचा चेहरा फुलला नाहीं म्हणजे मन फुललें नाहीं असें नव्हे.

द्युशेननंतर सुमारें शंभर वर्षें ही विद्या थोडी मागें पडली होती. तिला पुन्हां चालना दिली ती अमेरिकेंतील पॉल एकमन व वॉलेस फ्रीसेन या मानसशास्त्रज्ञांनीं. कार्ल-हर्मन ह्योर्टशो या स्वीडिश शरीरशास्त्रज्ञानें चेहऱ्याच्या हालचालींची जी वर्गवारी केली होती, तिच्या आधारें या दोघांनीं १९७८ सालीं चेहऱ्याच्या प्रत्येक सुट्या हालचालीस क्रमांक दिले. संगीताची जशी स्वरलिपि, तशी ही मुद्रालिपि म्हणावी. भिवईची आंतली बाजू उचलणें हा १, गाल वर चढविणें हा ६, ओठाचा कोंपरा ओढणें हा १२. या लिपींत उसनें हंसूं म्हणजे नुसता १२ आणि खरें हंसूं म्हणजे ६ व १२ मिळून. दुसऱ्या प्रकारास एकमननें द्युशेनचेंच नांव दिलें. ही लिपि शिकलेल्या माणसासहि एका मिनिटाची चित्रफीत उतरून काढण्यास तासाहून अधिक वेळ लागतो, इतकें हें काम किचकट आहे.

एवढ्यावर सर्व उरकतें तर लेख येथेंच संपविला असता. परंतु पुढच्या संशोधकांनीं लोकांस मुद्दाम हंसावयास लावून पाहिलें तेव्हां असें दिसून आलें कीं, पुष्कळ माणसें मनांत नसतांहि डोळ्यांसकट हंसूं शकतात. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत तर असें आढळलें कीं, ६ क्रमांकाची हालचाल बहुतेक वेळां हंसूं किती जोराचें आहे एवढेंच सांगते. द्युशेनची खूण म्हणून टाकाऊ ठरली नाहीं. मात्र तिला एकटीला साक्षीस उभें करितां येत नाहीं. छायाचित्र हें गोठलेलें असतें, आणि हंसूं तर घडत असतें. तें उगवतें, टिकतें व मावळतें. तेव्हां परीक्षा करावयाची ती त्याच्या चालीची.

या चालीचें मोजमाप पिट्सबर्ग येथील जेफ्री कोन व कॅरेन श्मिट यांनीं २००४ सालीं केलें. त्यांना असें आढळलें कीं, आपोआप येणारें हंसूं तुलनेनें लहान असतें आणि सावकाश चढतें. आणलेलें हंसूं मोठें असतें व झटकन् उमटतें. एकमन व फ्रीसेन यांनीं पूर्वींच नोंदविलें होतें कीं खरें हंसूं साधारण दोन-तृतीयांश सेकंदापासून चार सेकंदांपर्यंत टिकतें. छायाचित्रकारापुढें आपण दहा-दहा सेकंद ओठ ताणून उभे असतों, मग गाल दुखूं लागतात यांत नवल तें कसलें?

इतक्या सूक्ष्म हालचाली मोजण्यास आतां संगणक आला आहे. तो चित्रफितीच्या प्रत्येक चित्रांत पापण्यांच्या कडा, गाल व ओठांचे कोंपरे यांवर बिंदु कल्पितो आणि ते बिंदु क्षणाक्षणास किती सरकले, किती वेगानें सरकले, वर जातांना किती वेळ लागला व खालीं येतांना किती, याचा हिशेब ठेवितो. ॲमस्टरडॅमच्या विद्यापीठानें त्याच शहरांतील नेमो या विज्ञानकेंद्रांत आलेल्या लोकांच्या साह्यानें असा एक संग्रह केला. त्यांत आठ वर्षांच्या मुलापासून शहात्तर वर्षांच्या वृद्धापर्यंत ४०० माणसें असून एकूण १२४० हंसण्यांच्या फिती आहेत; त्यांपैकीं ५९७ विनोदी चित्रें दाखवून आपोआप आणविलेल्या, बाकीच्या सांगून आणविलेल्या. २०१२ सालीं या संग्रहावर संगणकानें खरें कोणतें व उसनें कोणतें हें शंभरांत सुमारें सत्याऐंशी वेळां बरोबर ओळखलें. हंसणाऱ्याचें वय विचारांत घेतलें म्हणजे निर्णय अधिक चांगला येतो, असेंहि त्या संशोधकांस आढळलें; म्हाताऱ्याची पापणी व मुलाची पापणी सारख्या लगबगीनें हलत नाहींत, हें आपणहि जाणतों.

शंभरांत सत्याऐंशी ही संख्या ऐकून पुष्कळांस वाटेल कीं आतां माणसाचें अंतःकरण उघडें पडलें. त्यांनीं त्याच वर्षीं मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रशास्त्राच्या संस्थेंत झालेला एक प्रयोग पाहावा. तेथें प्रथम लोकांस वैतागल्याचा अभिनय करण्यास सांगितलें. शंभरांत नव्वद प्रसंगीं कोणी हंसलें नाहीं, आणि त्यांत आश्चर्यहि नाहीं. नंतर त्यांस संगणकावर एक लांबलचक अर्ज भरावयास दिला. तो अर्ज मुद्दाम असा केलेला होता कीं, सर्व रकाने भरून पाठविण्याची कळ दाबली कीं लिहिलेलें सारें पुसून जावें. या खऱ्या वैतागाच्या वेळीं काय झालें? शंभरांत नव्वद प्रसंगीं माणसें हंसलीं! वैतागाचें हें हंसूं व आनंदाचें हंसूं यांची स्थिर चित्रें शेजारीं ठेविलीं तर फरक सांगणें अवघड. चालींत मात्र फरक होता. आनंदाचें हंसूं हळूहळू भरत जातें. वैतागाचें चटकन् येतें व चटकन् जातें. संगणकानें तो नव्वदांहून अधिक वेळां ओळखला. माणसांस वैतागाचें हंसूं ओळखणें नाणें उडवून सांगण्याइतकेंहि साधलें नाहीं.

म्हणजे ज्यास आपण 'खरें' व 'उसनें' अशा दोनच पेट्यांत टाकतों त्या हंसण्याच्या जाति पुष्कळ आहेत, आणि उसन्याचा अर्थ लबाडी असा तर मुळींच नाहीं. १९८८ सालच्या एका अभ्यासांत दहा महिन्यांचीं बालकें आई जवळ आली असतां डोळ्यांसकट हंसलीं आणि परकें माणूस जवळ आलें असतां बहुधा नुसत्या ओठांनीं हंसलीं. दहा महिन्यांच्या बालकावर ढोंगाचा आरोप कोण करील? दारीं आलेल्या पाहुण्याकडे पाहून, पाय दुखत असतांहि, घरांतील माउली जें हंसते तें १२ क्रमांकाचेंच असेल. त्यांत तिचा पाहुणचार असतो.

ही गोष्ट शाळांच्या दृष्टीनें महत्त्वाची आहे. चेहऱ्यावरून विद्यार्थ्यांच्या मनःस्थितीचें अनुमान करणारीं यंत्रें विकणारे निघाले, तेव्हां युरोपीय संघानें २०२४ सालीं केलेल्या कायद्यानें शाळांत व कामाच्या जागीं अशा यंत्रांस बंदी केली. रोगोपचार व सुरक्षितता यांपुरताच काय तो अपवाद ठेविला, आणि २ फेब्रुवारी २०२५ पासून ही बंदी अंमलांत आली. मला हा कायदा योग्य वाटतो. यंत्रास आपण दोष देतों खरा. पण यंत्र नसतांहि शिक्षक तेंच करीत आले आहेत, आणि त्यांत मीहि एक होतों.

पुष्कळ वर्षांपूर्वीं मी दुसऱ्या एका शाळेंत शिकवीत असतां आठवीच्या वर्गांत एक अबोल मुलगा होता. एके दिवशीं त्यानें गृहपाठाची वही आणली नव्हती. मीं त्यास उभें केलें व कारण विचारलें. तो हंसला. मीं आवाज चढविला. तो अधिकच हंसला, आणि ओठ आवळून खिडकीकडे पाहूं लागला. सर्व वर्गासमक्ष माझी थट्टा चालली आहे अशी माझी खात्री झाली व मीं त्यास दोन दिवस वर्गाबाहेर उभें केलें. वही कां आणली नाहीं हें विचारण्याचें मग राहूनच गेलें. तें कारण मला सत्र संपल्यावर दुसऱ्या मुलाकडून कळलें. वडील आजारी असल्यामुळें तो त्या आठवड्यांत रात्रीं त्यांच्या उशाशीं बसत होता.

बऱ्याच काळानें डॅकर केल्टनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा १९९५ सालचा एक निबंध माझ्या वाचनांत आला. त्यांत ओशाळलेल्या माणसाच्या चेहऱ्याचें वर्णन आहे. प्रथम दृष्टि खालीं जाते. मग हंसूं येऊं लागतें. तें दाबण्यासाठीं ओठ आवळले जातात. मान बाजूस वळते. कधीं हात तोंडाकडे जातो. हें सारें सुमारें पांच सेकंदांत उरकतें. केल्टनरच्या मतें ही मुद्रा समोरच्याचा राग शांत करण्यासाठीं असते. वाचतां वाचतां तो मुलगा माझ्यापुढें जसाच्या तसा उभा राहिला.

याच केल्टनरनें ली ॲन हार्कर हिच्यासह २००१ सालीं कॅलिफोर्नियांतील मिल्स कॉलेजच्या १९५८ व १९६० सालच्या वार्षिकांतील विद्यार्थिनींचीं छायाचित्रें तपासलीं, आणि ज्यांचें हंसूं अधिक खुलें होतें त्या पुढील आयुष्यांत सरासरीनें अधिक समाधानी होत्या असें दाखविलें. सरासरीचें विधान तें. एकेका चेहऱ्यास त्यानें बांधूं नये. तरी तो निबंध वाचल्यापासून मला जुनीं वार्षिकें काढून पाहण्याची खोड लागली आहे. त्या वर्षींच्या आठवीचें चित्र माझ्यापाशीं अजून आहे. छायाचित्रकाराच्या आज्ञेप्रमाणें सारा वर्ग हंसतो आहे, मीहि मध्यें बसून हंसतों आहें. तो मुलगा मागच्या रांगेंत डावीकडून तिसरा आहे. त्याचे ओठ मिटलेले आहेत व मान किंचित् बाजूस वळली आहे. तें चित्र त्या प्रसंगानंतर आठच दिवसांनीं काढलेलें आहे.